लुसियाच्या मुकुटाखाली

पिलारच्या पत्राला एलादिओने उत्तर दिलं नव्हतं. लिहायला बसला नाही असं नव्हे. बसला, दौत उघडली, 'प्रिय पिलार' लिहिलं, आणि कागद फाडला. आयुष्यभर बेटावरच्या या गावात औषधाचं दुकान चालवलेला हा म्हातारा पुस्तकांत जितका धीट, तितकाच माणसांत भित्रा. एक वाक्य लिहिलं की 'पण माझंच चुकत असेल तर?' हे दुसरं वाक्य त्याच्या मनात तयारच असे.

पिलार पूर्वी दर उन्हाळ्यात माद्रिदहून सुट्टीला यायची आणि औषधं एलादिओलाच विचारून घ्यायची. आता तिने लिहिलं होतं की तिच्या आठ वर्षांच्या मुलीच्या, नोएलियाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डॉक्टरांनी ऑपरेशनला जूनमधल्या सान हुआनच्या सणानंतरची तारीख दिली आहे. 'पण तुमच्या गावच्या संत लुसियाच्या मूर्तीच्या अश्रूंनी डोळे बरे होतात, असं मासिकात वाचलं. ऑपरेशन रद्द करून तिला तिकडेच आणू का? मी फक्त तुम्हालाच विचारतेय. उत्तर आलं नाही, तर तुमची ना नाही असं समजेन.'

हे शेवटचं वाक्य काट्यासारखं सलत होतं. लहान मुलाचा डोळा वेळेत उघडला नाही, तर तो बघायचंच शिकत नाही, हे एलादिओला ठाऊक होतं. आणि सान हुआन आठवड्यावर आला होता.

इकडे गाव मात्र आनंदात होतं. दर शनिवारी बोट लागली की धक्क्यापासून टेकडीवरच्या देवळापर्यंत माणसांची रांग लागे. उन्हाने टोमॅटोसारखे लाल झालेले जर्मन, गळ्यात कॅमेरे लटकवलेले इंग्रज, हातात जपमाळा घेतलेल्या आपल्याच देशातल्या म्हाताऱ्या. पूर्वी गावात बघण्यासारखं होतं काय? काळी वाळू, दोरीवर वाळत घातलेले मासे आणि वारा. प्रवाशांच्या पुस्तिकेत गावाला अर्धी ओळ होती, तीही चुकीच्या नावाने. आता रंगीत चित्रासह पान होतं.

देवळाच्या दारात बाल्तासार उभा असे. पूर्वी तो सहलीची बस चालवायचा. बस दरीच्या कठड्याला घासली, मालकाने काढून टाकलं, आणि मग त्याला देवाची ओढ लागली.

"या मावशी, या! ढकलाढकली नको, संतिणीला खपत नाही. डावा डोळा आपल्या पापांसाठी रडतो, उजवा शेजाऱ्याच्या! फोटो काढा, पण फ्लॅश मारू नका, बिचारीचे डोळे आधीच सुजलेत. छोटी बाटली एका डोळ्याला, मोठी दोन्ही डोळ्यांना. चष्मा असेल तर मोठीच घ्या!"

आणि लुसिया खरोखरच रडत असे. पापणीच्या कडेला थेंब जमे, गालावरून ओघळे आणि खालच्या चांदीच्या वाटीत पडे. म्हाताऱ्या हुंदके देत, जर्मन टिपणं घेत.

गावची जुनी लाकडी मूर्ती वाळवी लागल्यामुळे दुरुस्तीला मोठ्या बेटावर गेली होती. तेवढ्यात बाल्तासारला स्वप्न पडलं आणि दरीत ही दगडी मूर्ती सापडली. महिन्यातून एकदा येणारे पाद्री म्हणाले, "चर्च यावर विचार करील." चर्चचा विचार चालू होता, तोवर बोटीही चालू होत्या.

एलादिओ एकदा मूर्तीच्या मागे जाऊन वाकून बघून आला होता. ना नळी, ना तार. तेव्हा बाल्तासार सगळ्यांसमोर म्हणाला होता, "काय काका, एवढी पुस्तकं वाचलीत, वीतभर नळी तरी सापडली का?" रांग हसली. एलादिओच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चमत्कार नाही हे त्याला माहीत होतं, पण मग आहे काय, हे सांगता येत नव्हतं. नुसतं 'माझा विश्वास नाही' एवढ्यावर एका आईला काय लिहिणार?

त्याची थोरली बहीण सिन्फोरोसा त्याच घरात राहत होती, आणि तिचा विश्वास होता. खरं तर एक रुसवाही होता. लुसियाच्या सणाआधी मूर्तीला नवे कपडे नेसवायचे, मुकुट उतरवून पुसायचा, हा मान तिला आईकडून मिळालेला. नव्या मूर्तीला बाल्तासार हात लावू देईना. "दगडाच्या संतिणीला कपडे कसले नेसवता, आजी?"

गुरुवारी ती कागदाच्या पुडीत एक रोपटं घेऊन आली.

"हे काय?"

"लुसियाची वेणी. तिच्या हनुवटीखाली आपोआप उगवलीय. बाल्तासार विकतोय."

"विकत घेतलीस?"

"मग काय चोरून आणू? तुझ्यासारखं पुस्तकात नाक खुपसून पुण्य मिळत नाही, बाबा."

"लावणार कुठे?"

"आईच्या दगडात. तो ओल धरतो."

आईचा दगड म्हणजे पाणी गाळायचा दगड. अंगणाच्या कोपऱ्यात लाकडी चौकटीत बसवलेला, मोठ्या वाडग्यासारखा कोरलेला सच्छिद्र दगड. बेटावर नद्या नाहीत. पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं, ते या दगडात ओतायचं, दगडातून पाझरून खालच्या माठात थेंबथेंब पडेल ते प्यायचं. नळ आले तसे घरोघरचे हे दगड कुंड्या झाले, काहींत कोंबड्या पाणी पिऊ लागल्या. सिन्फोरोसाने दगडात मूठभर माती घातली, रोपटं टोचलं आणि वर घागर रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी एलादिओ अंगणात वाचत बसला असताना आवाज आला. टप्प. जरा वेळाने पुन्हा, टप्प.

"ऐकलंस?" सिन्फोरोसा कॉफी घेऊन दारात आली. "लहानपणी हाच ऐकत झोपायचो आपण."

एलादिओने मान वर केली. दगडाच्या बुडाला थेंब लोंबत होता, सुटत होता, मागून दुसरा येत होता. वर त्या वेणीची, म्हणजे हंसराज नेच्याची, केसांसारखी पानं. त्याने पुस्तक मिटलं.

"सिन्फोरोसा, ही वेणी आपल्या दगडावर होती ना? आपण लहान असताना?"

"होती की. सगळ्यांच्याच दगडांवर होती. जिथे दगड पाझरतो तिथे ती उगवतेच, त्यात काय..."

तिच्या हातातला कप कलला.

"मी नळी शोधत होतो," एलादिओ हळूच म्हणाला. "नळी नाहीच. ती मूर्तीच अशा दगडाची आहे."

"गप्प बस."

"मी म्हणतो असं असेल. कदाचित माझं..."

"गप्प बस म्हटलं ना!"

संध्याकाळी ती भाजलेल्या पिठाचा गोफिओ त्याच्यासमोर आदळून म्हणाली, "मुकुटाखाली बघायचा हक्क माझा आहे. बाल्तासारच्या बापाचा नाही."

शनिवारी बोट लागली. रांग टेकडी चढली, तिच्यामागून एलादिओ हातगाडीवर आईचा दगड ढकलत. घाम कष्टाचा थोडा, भीतीचा जास्त.

"काय काका, कुंडी विकायला काढली?" बाल्तासार ओरडला.

एलादिओने दगडात पाणी ओतलं. घसा खाकरला. पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे उडालं. "हा... आमच्या आईचा... तुमच्याही घरी होता असा. वरून पाणी, खालून थेंब." दगडाने त्याची अडचण ओळखली असावी. टप्प.

गावकरी एकमेकांकडे बघू लागले. खानावळीचा मालक पुटपुटला, "आमचा अजून परसात आहे."

"कुंडीची आणि संतिणीची बरोबरी करता?" बाल्तासार गरजला. "पाप लागेल!"

"लागलं तर मला लागेल," म्हणत सिन्फोरोसा पुढे झाली. "बाजूला हो. तुझ्या बारशाला मी होते, मला पाप शिकवू नकोस."

"आजी, मूर्तीला हात लावायचा नाही!"

"तिचे केस विंचरलेत मी, चाळीस वर्षं!" आणि तिने दोन्ही हातांनी मुकुट उचलला.

लुसियाच्या डोक्याला माथाच नव्हता. आत वाडगा कोरलेला, काठोकाठ पाणी. सिन्फोरोसाने बोट बुडवून जिभेला लावलं.

"नळाचं आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "औषधाचा वास येतोय."

एलादिओ आता अडखळला नाही. नखाने मूर्तीचा गाल खरवडला. "बघा, सगळ्या चेहऱ्याला तेलरंगाचा जाड थर, पाणी बाहेर येऊ न देणारा. फक्त पापण्यांच्या कडा कोऱ्या ठेवल्यात. डोक्यात पाणी ओतलं की त्याला वाट तेवढीच. आपण सगळे असल्या दगडाचं पाणी पिऊन वाढलो, पण त्याला नाक-डोळे काढल्याबरोबर ओळख विसरलो."

"अरे, पण गावाचं काय?" बाल्तासार आता रांगेकडे नाही, गावकऱ्यांकडे बघत होता. "बोट कशासाठी येते? तुझी खानावळ कोणामुळे भरते? मी कोणाला विष पाजलं? गाळलेलंच पाणी आहे!"

बाल्तासारचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एका जर्मनाने तर सगळं समजावून घेतलं आणि तरीही मोठी बाटली मागितली, म्हणाला, आठवण म्हणून नेतो. सिन्फोरोसाने ती त्याच्या हातातून घेऊन देवळाच्या पायरीवर उपडी केली.

"काका, एवढं कशासाठी केलंत?" बाल्तासारने विचारलं.

"एका मुलीचा डोळा आहे," एलादिओ म्हणाला आणि घरी गेला.

या वेळी कागद फाडावा लागला नाही.

'प्रिय पिलार, उशीर झाला, माफ कर. ऑपरेशन कर, ठरलेल्या दिवशीच. इथे रडतो तो दगड आहे. त्याच्या डोक्यात पाणी ओततात आणि ते डोळ्यांतून पाझरतं, हे मी आणि सगळ्या गावाने आज बघितलं. त्याला मुलीच्या डोळ्यातलं काही कळत नाही, डॉक्टरांना कळतं. कुणी चमत्कार सांगितला तर आधी विचार, हे घडतं कसं? उत्तर लगेच मिळालं नाही म्हणून तो चमत्कार ठरत नाही, आपल्याला अजून माहीत नाही एवढंच ठरतं. मलाही कालपर्यंत माहीत नव्हतं. प्रार्थना करायची असेल तर कर, माझी बहीणही करतेय, पण डॉक्टरांची तारीख चुकवू नकोस. पट्टी सुटली की नोएलियाला घेऊन ये. समुद्र दोन्ही डोळ्यांनी बघू दे.'

टपालाची थैली त्याच बोटीने जायची होती. एलादिओ धक्क्यावर पोचला तेव्हा भोंगा वाजत होता. त्याने टपालाच्या पिवळ्या पेटीच्या फटीत पाकीट सरकवलं आणि सवयीने लगेच वाटलं, 'आज बघितलं' हे वाक्य जरा बदलायला हवं होतं का? त्याने फटीत बोटं घालून बघितली. पाकीट खाली पडलं होतं, हाताला लागत नव्हतं.

'बरं झालं,' तो स्वतःशी म्हणाला.