घरखूण

ऑस्लो जळून चार महिने झाले होते, पण ग्यूरिडच्या घराची एक काडीसुद्धा काळी पडली नव्हती. तीन दिवस आग धुमसत होती. बाजार गेला, धक्क्यावरची वखार गेली, गल्ल्याच्या गल्ल्या गेल्या. ओढ्यापलीकडचं हे एकटं घर तेवढं उभं राहिलं. लोक म्हणाले, विधवेवर देवाची कृपा. कसली कृपा न् कसलं काय! पुढे कळलंच ते.

राजाचा हुकूम आला. जुन्या जागेवर एकही घर ठेवायचं नाही. खाडीपलीकडे, किल्ल्याच्या तोफांखाली नवं शहर वसणार. रस्ते दोरी लावून सरळ, घरं विटांची, आणि नाव राजाचं स्वतःचं, क्रिस्तियानिया. शेकडो वर्षांचं शहर कागदाच्या दोन ओळींत पुसलं आणि वर आपलं नाव लिहून मोकळा झाला. राजाचा हात कोण धरणार?

ग्यूरिडला राजाशी देणंघेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता आमुंडमध्ये. एकुलता एक मुलगा, पाच वर्षांपूर्वी लाकूड न्यायला आलेल्या डच जहाजावर खलाशी म्हणून चढला. जाताना दारात उभा राहून म्हणाला होता, "आई, तू फक्त हे घर सोडू नकोस. मी कुठूनही इथे येईन." त्यानंतर ना निरोप, ना माणूस. पण त्याचं ते वाक्य तिनं उराशी धरून ठेवलं होतं.

"मी हलायची नाही, भावजी," ती दिराला म्हणाली. तोर्गिल्स सुतार होता, नवऱ्याचा धाकटा भाऊ, नवरा गेल्यापासून तिला तेवढाच आधार.

"वहिनी, खाडीचा बर्फ वितळायच्या आत घर उतरलं नाही, तर शिपाई येऊन पाडतील."

"पाडू देत. मला आत ठेवून पाडा म्हणावं."

"पाडतील की! त्यांना काय, तेवढीच गंमत." तोर्गिल्सनं कपाळाला हात लावला. "अहो, आपली घरं काय दगडाची आहेत? ओंडक्यांची तर आहेत. खुणा करू, उतरवू, पलीकडे नेऊ, तस्सं उभं करू. माझ्या आज्यानं एकच घर तीनदा हलवलं. तिसऱ्यांदा आजी म्हणाली, आता नवराच बदलते, ते सोपं पडेल."

ग्यूरिडला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

तोर्गिल्सनं कुऱ्हाड घेतली आणि एकेका ओंडक्याच्या टोकावर खाचा पाडत गेला. उत्तरेच्या भिंतीचा पहिला, एक खाच. दुसरा, दोन खाचा. आमच्याकडे घर असंच हलतं. खुणा नीट केल्या की नवीन जागी कुठला ओंडका कुठे, हे आंधळ्यालाही हाताला कळतं. बासष्ट ओंडके निघाले. शेवटी राहिली दारावरची चौकटीची फळी.

त्या फळीवर घरखूण कोरलेली होती. आमच्यातल्या पुष्कळांना लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येक घराची आपली खूण असते. होडीवर, कुदळीवर, मेल्यावर थडग्यावरही तीच. ग्यूरिडच्या घराची म्हणजे दोन उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक आडवी. ही फळी नवी बसवली तेव्हा आमुंड सात वर्षांचा होता. मीच कोरणार म्हणून हटून बसला. आडवी रेघ शेवटाला घसरली आणि खाली वळली. बापानं कानफटात दिली, पण फळी तशीच लावली. पुढे आमुंडचा हात तसाच पडला तो पडला. चमच्यावर कोरा, काठीवर कोरा, रेघ शेवटाला खाली वळायचीच.

"ही फळी इथेच पायाच्या दगडांत रोवून ठेवू या," तोर्गिल्स म्हणाला. "वर बाण कोरतो खाडीपलीकडे दाखवणारा. पोरगा आलाच तर कळेल त्याला."

"आणि तिकडे घर घरखुणेशिवाय? तो आला तर कुठल्या दारात शिरेल तो?"

"अहो, पण तो आधी इथे येणार."

"जहाजं आता तिकडे लागतात ना? मग आधी तिकडेच उतरेल. एक काडी मागे ठेवायची नाही, भावजी. सगळं घर त्याचं आहे."

तोर्गिल्सनं मान हलवली आणि फळी घसरगाडीवर चढवली. मायेपुढे कोणाचं काय चालतं?

बर्फावरून सात खेपा झाल्या. नव्या शहराच्या हद्दीवर पहारेकऱ्यानं घोडा अडवला. "लाकडी घर? आत फक्त विटा. राजाचा हुकूम."

"विटा काय तुझा बाप देणार?" ग्यूरिड कडाडली.

पहारेकऱ्यानं नुसतं बोट दाखवलं. हद्दीबाहेर, नदीच्या मुखाशी दलदल होती. हमाल, परटिणी, शिपायांच्या विधवा, ज्यांना विटा परवडत नव्हत्या ते सगळे तिथे चिखलात घुसले होते. तिथेच ग्यूरिडचं घर उभं राहिलं, ओंडका न् ओंडका जागच्या जागी. फळीही दारावर चढली. धक्क्यावरच्या कारकुनाच्या यादीत मात्र तिचं नाव चढलं नाही. यादी फक्त हद्दीतल्या लोकांची.

बर्फ वितळला, जहाजं यायला लागली. ग्यूरिड रोज धक्क्यावर. प्रत्येक डच जहाजाखाली उभी राहून ओरडायची, "आमुंड आहे का रे, आमुंड?" खलाशी चिडवायचे, "आज्जी, आम्ही चालणार नाही का?" ती शिव्या हासडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

जूनमध्ये वेठ आली. तटासाठी दगड वाहायचे, दलदलीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस, आठ दिवस. तोर्गिल्स पाठीनं आडवा पडलेला, म्हणून ग्यूरिडच गेली. ज्या शहरात तिला घर बांधू दिलं नाही, त्याच शहराचा तट तिनं आठ दिवस पाठीवरून वाहिला.

नवव्या दिवशी ओस्ता आली. ही खेड्यातून आलेली तरणी पोर जुन्या शहराच्या राखेवर उगवलेल्या गवतात गाई चारायची. "ग्यूरिडमावशी, तुमच्या जुन्या जागेवर क्रॉस कुणी रोवला हो? परवा एक खलाशी दिवसभर तिथे बसला होता. मला वाटलं, कुणाचं कोण गेलंय. मी आपली लांबच राहिले."

ग्यूरिड होती तशी निघाली. दीड तासाची वाट ती कशी गेली, तिचं तिलाच कळलं नाही.

चौकोनी पायाच्या दगडांमध्ये, जिथे चूल होती तिथे, ताज्या लाकडाचा क्रॉस उभा होता. त्यावर दोन उभ्या रेघा आणि एक आडवी. आडवी शेवटाला खाली वळलेली.

ती धावत धक्क्यावर आली. कारकुनानं वही चाळली. "हो, आला होता एक. ग्यूरिडचं घर विचारत होता. नाव यादीत नाही म्हटलं. आगीनंतर जे यादीत नाहीत ते गेलेच म्हणायचे, नाही का?"

"मी इथे उभी आहे, मेल्या! जिवंत उभी आहे!"

"मग यादीत नाव घालायचं होतं," कारकून म्हणाला. जहाज काल सकाळच्या वाऱ्याबरोबर गेलं होतं.

तोर्गिल्स पाठ धरून तिच्याबरोबर जुन्या जागी आला. त्यानं क्रॉसला हात घातला. "वहिनी, उपटतो हा. जित्या माणसाचं थडगं, अभद्र!"

"हात लावू नका." ग्यूरिड दगडावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "तो पुन्हा आलाच, तर मला शोधायला इथेच येईल."

दुसऱ्या दिवसापासून तिनं धक्क्यावर जाणं सोडलं. रोज सकाळी भाकरी आणि सुका मासा बांधून घ्यायची, खाडीला वळसा घालून जायची आणि आपल्या थडग्याशी बसून राहायची. ओस्ताच्या गाई तिच्याभोवती चरायच्या.