टिंबोरोआचं इंजिन समुद्रावर उतरतं

जुनं म्हणा मला, मित्रांनो, खुशाल म्हणा. पण 'बिचारं' म्हणाल तर याद राखा! चार सिलिंडरचं, टर्बो लावलेलं, रॅलीच्या गाडीचं इंजिन आहे मी. आजही चावी फिरवलीत तर पहिल्या झटक्याला बोलतो.

जन्म माझा जपानचा. तिथे एका सभ्य कुटुंबाच्या गाडीत मी होतो. भाजी आणायची, आजोबांना दवाखान्यात न्यायचं, एवढंच काम. मग ती गाडी जुनी झाली म्हणून जहाजावर चढली, समुद्रकाठच्या मोम्बासाला उतरली आणि वर डोंगरावरच्या नाकुरूच्या एका माणसाकडे आली. त्याने तिला वर्षभरात ओढ्यात घातलं. गाडीचा चेंदामेंदा झाला, मी तेवढा शाबूत राहिलो. गाथोगोच्या गॅरेजमागे दोन वर्षं मी पडून होतो. माझ्या अंगाला टेकून एक कोंबडी अंडी घालायची. सांगा, हा काय इंजिनचा सन्मान झाला?

गाथोगो म्हणजे गॅरेजचा मालक. पन्नाशीचा, पोट सुटलेला, पण स्टिअरिंगवर बसला की वारं. ट्रक दुरुस्त करून जे मिळेल ते सगळं तो रॅलीत उडवायचा. त्या वर्षी त्याच्या गाडीचं इंजिन फुटलं आणि तो परदेशातून नवं मागवायच्या गोष्टी करू लागला. तेव्हा चेलागात पुढे आली.

चेलागात अकरा वर्षं त्याच्याकडे ट्रकांची कामं करत होती. उंच, सडसडीत, बोलायला कमी आणि ऐकायला पक्की. माझ्यावरची ताडपत्री तिने ओढून काढली आणि म्हणाली, "बॉस, हे द्या मला. मी बांधते."

गाथोगो पोट धरून हसला. "अगं बाई, ते कोंबडीचं घर आहे!"

"कोंबडीला दुसरं बघते."

"ट्रक वेगळा, रॅली वेगळी. किनाऱ्यावरची रॅली तोंडावर आलीय. मध्येच बंद पडलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"बंद पडणार नाही."

"पडलं तर हे जाईल भंगारवाल्याकडे आणि तू परत ट्रकांखाली. पुन्हा रॅलीच्या गाडीला हात लावायचा नाही. कबूल?"

"आणि शेवटपर्यंत धावलं तर?"

"तर यापुढे या गॅरेजमधलं प्रत्येक रॅलीचं इंजिन तुझ्या हातचं."

"कबूल," ती म्हणाली आणि लगेच पाना घेऊन बसली. माझं तर तेलच उसळलं, मित्रांनो. भंगारवाल्याकडे? मी? बघतोच म्हटलं!

तिने मला पार सुटं केलं. सिलिंडर नव्याने कापून घेतले, ठोकून घडवलेले भक्कम पिस्टन बसवले. ते थंड असताना टकटक करतात, तापल्यावर गप्प होतात. प्रत्येक बेअरिंगमधली फट ती तीन-तीनदा मोजायची आणि मोजताना कुणी 'चहा घेतेस का' विचारलं तरी खेकसायची. सिलिंडरांवरच्या झाकणाचे, म्हणजे हेडचे, नट तिने एका दमात आवळले नाहीत. आधी थोडे, मग आणखी थोडे, मग पुरते, आणि दर वेळी मधल्यापासून कडेकडे. घाई करणाऱ्यांचं हेड वाकतं, हे लक्षात ठेवा.

मग माझा टर्बो. एका दांड्यावर दोन पंखे असतात बघा. बाहेर जाणारा धूर एकाला फिरवतो, त्यामुळे दुसरा फिरतो आणि माझ्या छातीत हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण हवा वाढली आणि पेट्रोल कमी पडलं, तर आतला भडका वेळेआधी, वेडावाकडा उडतो आणि पिस्टनवर घाव घालतो. त्याला नॉकिंग म्हणतात. दोन-चार घाव इंजिन सोसतं, जास्त झाले तर पिस्टन फुटतो.

हे घाव ऐकायला चेलागातने एक युक्ती केली. फ्रिजची तांब्याची नळी घेतली, तिचं एक टोक चपटं करून माझ्या अंगाला नटाने जोडलं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि विमानतळावरचे कामगार कानांवर लावतात तसल्या टोप्या. लोक म्हणायचे, "डॉक्टरीणबाई आल्या!" ती लक्षच द्यायची नाही.

आता आमच्या गॅरेजचा रिवाज सांगतो, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. नवं इंजिन बांधलं की त्याला टिंबोरोआच्या उंच डोंगरचढावर न्यायचं आणि तिथेच शिकवायचं. तिथे माणसाला दोन पावलं पळालं तरी धाप लागते, इतकी हवा विरळ. जे इंजिन टिंबोरोआला ओढतं ते जगात कुठेही ओढतं, असं नाकुरूत सगळे छातीठोक सांगतात. चेलागातही सांगायची.

तीन दिवस आम्ही तो चढ वर-खाली केला. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक मोठा तक्ता आहे. हवेचा दाब किती आणि वेग किती हे बघून मला पेट्रोल किती द्यायचं, ते त्याच्या एकेका घरात लिहिलेलं असतं. कानावर टोप्या, मांडीवर लॅपटॉप, असं बसून तिने एकेक घर भरलं. वरच्या चार ओळींपर्यंत मात्र आम्ही पोचलोच नाही. तिथल्या विरळ हवेत तेवढा दाब व्हायचाच नाही. त्या ओळी तिने अंदाजाने भरल्या. "इथवर कोण जातंय!" म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

कोण जातंय म्हणे! दहा दिवसांनी आम्ही समुद्रावर.

रॅलीच्या दिवशी सकाळी किलिफीजवळ सरावाची फेरी होती. तिथली हवा जाड, गरम, दमट. टर्बोने ती माझ्यात कोंबली आणि दाब थेट त्या वरच्या चार ओळींत जाऊन बसला. पेट्रोल आलं अंदाजाचं. आत भडके उडायला लागले. मी ओरडत होतो, मित्रांनो, जीव तोडून ओरडत होतो! गाथोगो मात्र खुशीत. "काय पळतंय! अशी ताकद नाकुरूत कधी दिसली नव्हती!"

फेरी संपल्यावर चेलागात बॉनेटशी वाकली. "बॉस, टकटक येतेय."

"ते तुझे पिस्टन. तूच म्हणालीस ना, टकटक करतात म्हणून?"

"थंड असताना. आता तापलंय."

तिने कानांना टोप्या लावल्या आणि त्याच्या शेजारी बसून त्याला रस्त्यावर एक दौड मारायला सांगितली. अर्ध्यात तिने टोप्या काढल्या आणि त्याच्याच डोक्यावर चढवल्या. आत मक्याचे दाणे भाजताना फुटावेत तसा तडतडाट चालला होता. गाथोगोने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"हे काय आहे?"

"माझी चूक आहे," चेलागात म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. "आपण आयुष्यभर डोंगरावर राहिलो. विरळ हवा हीच कसोटी समजलो. जाड हवेचा विचारच केला नाही. वरच्या ओळी मी न बघता भरल्या."

"तीन दिवस टिंबोरोआला काय गोट्या खेळत होतीस? दोन तासांत सुरुवात आहे! आता काय, गाडी ट्रेलरवर चढवू?"

"चढवा. मग मी ट्रकांखाली जाते आणि हे भंगारात. नाही तर मला त्या चार ओळी आत्ता भरू द्या."

"उशीर झाला तर दर मिनिटाला दहा सेकंद दंड आहे!"

"बसू दे दंड. पिस्टन फुटला तर शेवट कुठून गाठाल?"

गाथोगोने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. "बस लवकर," तो म्हणाला.

घायपाताच्या मळ्यातला एक सरळ रस्ता मालकाने वापरू दिला. गाथोगो गाडी दामटायचा, चेलागात कान लावून बसायची. तडतड ऐकली की डॅशबोर्डवर मूठ आपटायची, तो पाय उचलायचा. मग ती पेट्रोल थोडं वाढवायची, ठिणगी थोडी उशिरा टाकायची आणि ओरडायची, "पुन्हा!" ऊन असं की घायपाताची पातीसुद्धा माना टाकतील. दोघे घामाने निथळत होते, पाण्याची बाटली रिकामी झाली होती. शेवटच्या ओळीत तडतड थांबेचना. गाथोगो म्हणाला, "राहू दे आता, एवढ्याने काय होतंय?" त्यावर ती अशी खवळली की तो मुकाट्याने गाडी वळवून परत आला. तीन वेळा आणखी पळवली. मग आत शांत झालं. मला श्वास सापडला.

आम्ही सुरुवातीच्या रेषेवर अकरा मिनिटं उशिरा पोचलो. एकशे दहा सेकंदांचा दंड. कुणीतरी ओरडलं, "नाकुरूवाले भुट्टा खायला थांबले होते काय?" ओरडा म्हटलं, हवं तेवढं ओरडा.

मग दोन दिवस मी जे केलं ते कुणाच्या बापाला जमलं नसतं. लाल मातीचे रस्ते, नारळीच्या मुळांवरच्या उड्या, वाळूत रुतणारी चाकं. जाड हवा आता माझी वैरी नव्हती, खुराक होती. दर टप्प्याला आम्ही काही सेकंद परत हिसकावत होतो. नव्या कोऱ्या परदेशी इंजिनांच्या दोन गाड्या मागे पडल्या. शेवटच्या टप्प्यात रेडिएटरचं पाणी इतकं तापलं की काटा लाल खुणेला टेकला. गाथोगो मला म्हणाला, "थोडं, अजून थोडं!" मी म्हटलं, तू गाडी चालव, माझं मी बघतो.

तिसरे आलो आम्ही. तिसरे! एकशे दहा सेकंद पाठीवर घेऊन!

लगेच कुजबुज सुरू झाली. गॅरेजमागच्या इंजिनमध्ये एवढी ताकद कुठली? हवा घेण्याच्या तोंडाशी ठरलेल्या मापाचं कडं असतं, ते यांनी मोठं केलं असणार. तपासणीस शेबे आला. मोम्बासाचा, पांढऱ्या दाढीचा, कुणाला न घाबरणारा. म्हणाला, "हेड उघडा."

त्याचा माणूस पाना घेऊन पुढे झाला. चेलागात आडवी आली. "माझ्याशिवाय याला पाना कोणी लावायचा नाही."

"आणि तू कोण?"

"मी याला बांधलंय."

शेबेने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मान डोलावली. तिनेच उघडलं. कडं मोजलं, बरोबर. सिलिंडर मोजले, बरोबर. मग तो चौथ्या पिस्टनवर वाकला. तिथे सुईने टोचावं तशी बारीक छिद्रं पडली होती, त्या सकाळच्या घावांची.

"हे काय?"

आजूबाजूला माणसं जमली होती. गाथोगो घाईने म्हणाला, "किनाऱ्याचं पेट्रोल हो! भेसळीचं. आम्हाला नेहमीच बाधतं."

"नाही," चेलागात म्हणाली. "पेट्रोल चांगलं होतं. चूक माझी. मी याला फक्त डोंगरावर शिकवलं होतं."

गाथोगोने कपाळावर हात मारून घेतला. आणि शेबे असा हसला की त्याची दाढी हलायला लागली. "सत्तावीस वर्षं मी इंजिनं उघडतोय. वरून येणारा प्रत्येक जण आमच्या पेट्रोलला शिव्या घालतो. आपली चूक म्हणणारी ही पहिली!" त्याने कागदावर सही केली. "तिसरा नंबर कायम. आणि बाई, पुढच्या वेळी येशील तेव्हा चहा माझ्याकडे."

शेबे गेला. मग गाथोगो चेलागातजवळ येऊन म्हणाला, "नवं इंजिन मी मागवलं होतं. तू बुडशील असं धरून. पुढच्या आठवड्यात पोचतंय."

मित्रांनो, मला ती कोंबडी आठवली. चेलागात हातातल्या चिंधीची घडी घालत राहिली.

"येऊ दे," ती म्हणाली. "माझ्या हातचं होणार ना ते?"

"शब्द दिलाय."

"मग खोकं नाकुरूला आणू नका. मोम्बासाला उतरलं की तिथेच ठेवा. आधी त्याला समुद्रावर शिकवीन, मग टिंबोरोआला नेईन."

आता आमच्या गॅरेजचा रिवाज हाच आहे. नवं इंजिन आलं, शिकलं, धावतंय. मी त्याचा राग करत नाही. गाथोगोच्या दुसऱ्या गाडीत मीही धावतोच, आणि चढावर त्या नव्याला अजून घाम फोडतो.

तुम्हाला एवढंच सांगायचंय, मित्रांनो. तुमच्या घरात पंप असेल, शिलाई मशीन असेल, आईची स्कूटर असेल. ती कुरकुरली की रेडिओचा आवाज वाढवू नका. जवळ जा, कान लावा, काय दुखतंय ते ऐका. चूक तुमची निघाली तर तसं म्हणा, कुणी खात नाही. आणि 'जुनं झालं' म्हणून मला भंगारात काढायचं कुणाच्या मनात असेल, तर खुशाल या. फक्त आधी चेलागातला विचारा.