काचेमागची तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी ग्रामोफोनची तबकडी आहे. माझी पन्नाशी उलटून गेली, तरी परवापर्यंत माझ्या अंगावर काय कोरले आहे हे माझे मलाच ठाऊक नव्हते.

माझा जन्म पश्चिम जर्मनीत झाला. 'कुप्फरटाल' नावाच्या तिघांच्या संगीत-गटाची मी पहिली तबकडी. साच्यातून निघून निवले न निवले तोच मला पुठ्ठ्याच्या कव्हरात घातले आणि वरून प्लास्टिक ताणून चिकटवले. त्या दिवसापासून मी आतच होते.

क्रेफेल्ड शहरातल्या एका दुकानात गिऱ्हाइके मला उचलत, उलटसुलट करून बघत.

"यात गातंय कोण?"

"कुणीच नाही. नुसती यंत्रं घरघरतात."

की मी परत फळीवर! शेजारच्या तबकड्या घरोघरी जाऊन वाजल्या. मी मात्र न खपलेल्या मालाबरोबर तळघरात गेले. प्लास्टिक अंगाला आवळून बसलेले, आणि वर अंधार.

पुष्कळ वर्षांनी हेनिंग नावाच्या माणसाने मला शोधून काढले. त्याला जुन्या तबकड्या जमवण्याचा नाद होता. मला वाटले, सुटले एकदाची! पण त्याने मला काचेच्या कपाटात उभे केले आणि कुलूप लावले. "सील न फोडलेली!" असे तो पाहुण्यांना सांगे. पाहुणे काचेला नाक लावून बघत, फोटो काढत. एवढे कौतुक माझे कधी झाले नव्हते, आणि एवढा कोंडमाराही. समोरच्याच यंत्रावर रोज दुसऱ्या तबकड्या फिरत.

एका वसंतात गुंडुला ब्रिंकमान आल्या. गटातल्या तिघांपैकी त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांचा भाऊ फोल्कमार, गटातलाच, नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात गेला होता.

"बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात केलं आम्ही हे," कॉफी ढवळत त्या म्हणाल्या. "मी टेपची फीत कात्रीनं कापायचे, टोकं चिकटवून कडं करायचे, आणि ते टेपरेकॉर्डरमधून निघून खुर्चीच्या पायाभोवती गरगर फिरत राहायचं. शेजारची म्हातारी ओरडायची, 'फोल्कमार, फ्रिज बिघडलाय की मांजर अडकलंय?'"

मग त्यांचा आवाज खाली आला. "दुसऱ्या बाजूला फोल्कमार गुणगुणतो. त्याचा आवाज आता दुसरीकडे कुठेच नाही. माझी प्रत पुरात गेली. किती जणांना विचारलं! आणि माझे कान चाललेत हो, हेनिंग. एकदाच लावा."

हेनिंग ओशाळला. "ब्रिंकमानबाई, सील फोडलं की हिची किंमतच संपली."

"काकडीच्या लोणच्याची बरणीसुद्धा अशीच बघत बसता का?"

"बघू," तो म्हणाला. "पुढे कधीतरी."

काचेआडून मी किंचाळले असते. पण सुई टेकल्याशिवाय तबकडीला कंठ कुठला?

पानगळीच्या दिवसांत त्या पुन्हा आल्या.

"कशा आहात?" हेनिंगने विचारले.

"हो, बसनंच आले."

"केक देऊ?" त्याने मोठ्याने विचारले.

"नाही हो, पाऊस थांबलाय आता."

हेनिंग उठला. त्याने कपाटाची किल्ली काढली. त्याच्या नखाने प्लास्टिक फाटले तेव्हा मला पहिल्यांदा हवा लागली. दुसरी बाजू वर करून त्याने सुई टेकवली, आणि मित्रांनो, मी स्वतःला ऐकले! खोल घरघर, मग थेंब पडावेत तशी टपटप, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एका माणसाचे बेसूर गुणगुणणे.

गुंडुलाबाईंना काहीच ऐकू आले नाही. त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने विचारले, "हेनिंग, कसं आहे?"

हेनिंग त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, "भयंकर विचित्र आहे!"

त्या हसल्या. "मग बरोबर वाजतंय." तळहात मात्र त्यांनी उचलला नाही.

हेनिंगने मला पुन्हा कुलपात ठेवले नाही. आता माझ्यावर एक ओरखडाही आहे, त्याचे मला काही वाटत नाही. पण त्यांना हे वसंतातच ऐकता आले असते, हे काही केल्या विसरता येत नाही. म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्या घरी काही जपून, झाकून ठेवलेले असेल, तर लवकर उघडा. आम्ही वस्तू थांबतो हो. ऐकणारे कान थांबत नाहीत.