पिकल्या बोंडातली माझी पिल्लं

मी एक म्हातारं फुलपाखरू आहे. हसू नका, मित्रांनो. आमच्यात आठवडाभर जगलं की म्हातारपण येतं. माझे पंख कॉफीच्या रंगाचे, कडा आता झिजलेल्या. विस्तुला नदीकाठच्या या ओल्या कुरणात माझी चुलत बहीणही राहते. ती फिकट निळी. तिच्या पंखांखाली ठिपक्यांच्या दोन रांगा, माझ्या एकच.

आम्ही दोघी एकाच जातीच्या रोपट्यावर अंडी घालतो. त्याच्या लांब देठावर बोंडासारखं फूल येतं. ती कोवळी, हिरवी कळी शोधते. मला मात्र पिकलेलं, गडद तांबडं बोंड लागतं. बोंडात वाढलेली अळी एके दिवशी जमिनीवर पडते. तिच्या अंगाला मुंग्यांसारखा वास येतो, म्हणून तांबड्या मुंग्या तिला आपलं लेकरू समजून वारुळात नेतात. मलाही नेलं होतं. त्यांनी मला भरवलं आणि मी त्यांचीच पिल्लं खाल्ली. बहीण तर नुसत्या मुंग्यांच्या पिल्लांवरच वाढली. हे सांगताना बरं वाटत नाही, पण आमचं जगणं तसंच आहे.

गावातले लोक आम्हाला जपतात. सप्टेंबरपर्यंत इथलं गवत कापत नाहीत. म्हणून मी निर्धास्त होते.

आज गेनोवेफाबाई आणि त्यांची सून साबिना कुरणात आल्या. उद्या मेरीमातेचा सण. बायका रानफुलांचे गुच्छ आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात.

"अगं, हिरवी कशाला घेतेस? काळपट तांबडी घे," गेनोवेफाबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी त्या शेजारणीचा गुच्छ बघून फादर थांबले. माझा बघून नुसते शिंकले!"

"पण आई, हे फुलपाखरांचं कुरण ना?"

"मग? गवताला हात लावलाय का कुणी? चार फुलं मातेला नेली तर फुलपाखरं रुसणारेत होय?"

साबिना हसली. कात्री चालू लागली.

मी त्यांच्या हातांभोवती घिरट्या घातल्या. "बघ, निरोप द्यायला आलंय!" बाई कौतुकाने म्हणाल्या. मनाने चांगल्या आहेत हो त्या. पण मी अंडी घातलेली सगळी बोंडं गेली. बहिणीच्या कळ्या तेवढ्या राहिल्या.

उद्या गुच्छावर पवित्र पाणी शिंपडतील, मग तो मेरीच्या तसबिरीमागे वाळत ठेवतील. माझी जी पिल्लं जगतील, ती बोंडातून बाहेर येऊन खाली पडतील. खाली पुसलेली लाकडी जमीन असेल, उचलून न्यायला मुंग्या नसतील.

मित्रांनो, आम्हाला जपायचं तर नुसतं गवत राखून भागत नाही. पिकली बोंडं देठावरच राहू द्या.

माझ्या पोटात अजून थोडी अंडी आहेत. अंधार पडायच्या आत एखादं तांबडं बोंड सापडतंय का, बघते.