सिद्राच्या छपरावरचा शब्द

मी एक जुना फ्लेक्स आहे, मित्रांनो. माझ्यावर महापौर उमेरेस हात उंचावून हसतात आणि खाली ठसठशीत लिहिलंय, ‘आपल्या खाडीत भराव होऊ देणार नाही!’ तीन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत त्यांचा कार्यकर्ता नार्दो याने मला आमच्या कोळ्यांच्या वस्तीच्या तोंडाशी बांधलं. लोक मला बघून टाळ्या वाजवायचे. मतदान उरकलं आणि मी कुंपणाला लोंबकळत राहिलो.

आमच्या मनिलाकडे फ्लेक्स वाया जात नाही. वस्तीतल्या सिद्राने मला आपल्या छपराच्या बांबूंवर घातलं. बाकीचे चित्राची बाजू वर ठेवतात. तिने आत ठेवली. शेजारीण हसली, “काय गं, झोपताना याचं थोबाड बघणार?”

“बघणार तर! डोळ्यांसमोर असला की त्याचा शब्द मी विसरायची नाही.”

इतरांची अक्षरं उन्हाने उडाली. माझी शाबूत राहिली.

यंदा निवडणूक आली आणि महापौरांना भराव गोड वाटू लागला. भराव पडला की सिद्राच्या घराची अख्खी रांग उठणार. नार्दो दारोदार फिरू लागला. जुना फ्लेक्स द्या, नवा न्या, वर पाच किलो तांदूळ. सगळ्यांनी दिले. उरलो मी एकटा. माझी तर पाचावर धारण बसली.

“मावशी, देऊन टाक ना. वरून हुकूम आहे.”

“वरून म्हणजे कुठून रे? तुझं घरही याच रांगेत आहे ना?”

नार्दो तांदळाची पिशवी उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बास्केटबॉलच्या मैदानावर सभा होती. आभाळ भरून आलं होतं, तरी सिद्राने मला छपरावरून उतरवलं. महापौर सांगत होते, “भरावाला मी कधी विरोध केलाच नाही!” सिद्राने माझं एक टोक उंच धरलं. दुसरं जमिनीवर लोळत होतं. तिला अडवायला नेमलेला नार्दो धावत आला. त्याने ते टोक पकडलं. आता हा मला फाडणार, असं वाटून मी हादरलो.

त्याने ते उचलून वर धरलं.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. महापौर कसंनुसं हसले. “अहो, ते तीन वर्षांपूर्वीचं!”

“मीही तीन वर्षांपूर्वीच्याच घरात राहते, साहेब,” सिद्रा म्हणाली.

महापौर मंचावरून खाली उतरले. भराव थांबेल का, मला ठाऊक नाही. लोकांनी मला मतदानापर्यंत मैदानाच्या कुंपणाला बांधलं. संध्याकाळी पाऊस कोसळला. सिद्राचं घर उघडं होतं, म्हणून जीव तुटत होता. तेवढ्यात नार्दो महापौरांचा नवाकोरा फ्लेक्स घेऊन तिच्या छपरावर चढताना दिसला. खालून सिद्रा ओरडली, “चित्र आत ठेव रे! तीन वर्षांनी याचंही काम पडेल.”

मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. पण माझ्यावर लिहिलेलं तेवढं पुसू देऊ नका.