पाठमोरे इरले

मी एक जुने इरले आहे, मित्रांनो. तुम्ही पडलात छत्रीवाले, म्हणून आधी माझी ओळख करून देते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पाने, आणि माणूस डोक्यापासून कमरेखालपर्यंत झाकेल एवढी ऐसपैस पाठ. मला पाठीवर घेतले की भातलावणीला दोन्ही हात मोकळे राहतात. छत्रीला हे जमत नाही, पण असो, तिला कशाला नावे ठेवा.

पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत कोंडाजीने मला विणले. साल १९३१. त्याची बायको आवडी दुपारी शेतावर भाकरी घेऊन येई. नवरा लांबूनच ओळखू यावा म्हणून तिने आपल्या लुगड्याची लाल पट्टी माझ्या माथ्यावर शिवली. त्या पट्टीचा मला फार तोरा होता.

आमच्या वाडीत पावसाळ्यात तोंडे दिसतच नसत. इरल्यावरूनच माणूस ओळखत. आणि आणखी एक रीत होती. ओले इरले घरात नेत नसत, पडवीत भिंतीला टेकवून ठेवत. कुणी पावसात अडला तर तो न विचारता ते उचलून नेई आणि काम झाले की जागेवर आणून ठेवी.

त्याच वर्षी आषाढात कोंडाजी तापाने घरात निजून होता. जवळ फक्त आवडी. महिपत नावाचा गावकरी पडवीत आला आणि रीतीप्रमाणे मला घेऊन गेला. वहाळापाशी, म्हणजे ओढ्याच्या काठी, त्याला त्याचा चुलतभाऊ मालोजी भेटला. जमिनीवरून दोघांचे जुने वैर होते. महिपतने त्याला कोयत्याने ठार केले आणि मला गुपचूप पडवीत आणून ठेवले. मी सारे पाहिले, पण इरल्याला वाचा कुठली?

पलीकडच्या खाचरात शेजारची म्हातारी राहीबाई लावणी करत होती. तिने लाल पट्टीचे इरले वहाळाकडून जाताना पाहिले. त्यात आदल्याच दिवशी कोंडाजी आणि मालोजी शेताच्या पाण्यावरून भांडले होते. राहीबाईने शपथेवर सांगितले की तिने कोंडाजीला पाहिले. तिच्या मनात पाप नव्हते. नवरा घरातच होता, असे आवडी परोपरीने सांगत राहिली, पण बायको दुसरे काय बोलणार म्हणून कुणी मनावर घेतले नाही. कोंडाजीला जन्मठेप झाली. मी महाडला मुद्देमालाच्या खोलीत चिठ्ठी बांधून पडून राहिले. ज्या पट्टीने तो ओळखू यायचा तिनेच त्याला अडकवले, या विचाराने मी आतून कुजत होते.

पुढचे मला आवडीकडून कळले. दुसऱ्या वर्षी लावणीत राहीबाईने इरले पाहून आपल्या सुनेला, ठकूबाईला, हाक मारली, तर वळून पाहिले वाडीतल्या बनुबाईने. ठकूबाईचे इरले ती घेऊन आली होती. राहीबाई हातातली रोपे तशीच धरून उभी राहिली. मग चिखलाच्या पायांनी थेट आवडीच्या दारात गेली. वर्षभर दोघी बोलत नव्हत्या.

"आवडे, मी इरलं बगितलं गो," ती म्हणाली. "तोंड नाय बगितलं."

आवडीने तिचा हात धरला आणि दोघी पावसातच महाडला वकिलाकडे चालत गेल्या. साक्ष फिरवलीस तर तुलाच तुरुंगात जावे लागेल, असे वकिलाने राहीबाईला बजावले. तिने तरीही कागदावर अंगठा दिला. पुन्हा चौकशी झाली. पडवीतून मला कोणी नेले याची विचारपूस होताच महिपत गडबडला आणि अखेर त्याने कबुली दिली. चूक आपणहून सांगितली म्हणून राहीबाईला शिक्षा झाली नाही.

दोन वर्षे तुरुंगात काढून कोंडाजी घरी आला, मागोमाग मीही. आवडीने मला नवी पाने लावली. लावणीच्या पहिल्या दिवशी मी कोंडाजीच्या पाठीवर होते, तेवढ्यात राहीबाई आली. आता ती कुणालाच पाठीमागून हाक मारत नसे. बांधाला वळसा घालून ती समोर आली आणि माझ्याखालचे तोंड पाहायला कंबर धरून वाकली. कोंडाजीने मला दोन्ही हातांनी वर उचलले.

"नीट बग, काकी," तो म्हणाला. "मीच हाय."

तिने ओल्या हाताने त्याचे तोंड चाचपले आणि ती रडू लागली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही, माझी पाने दरसाल नवी होतात. माणसाची गेलेली वर्षे नवी होत नाहीत. म्हणून कुणाकडे बोट दाखवण्याआधी त्या म्हातारीसारखे वळसा घालून समोर या, आणि वाकून तोंड पाहा.