अकरा पानांचा मेमो

"जमिनीवर पडलेलं प्रत्येक पान हा मानवी संस्कृतीचा पराभव आहे!"

बाग खात्यातून निवृत्त होताना मुकादमांनी हे वाक्य असं काही ठणकावलं की सगळ्या झाडूवाल्यांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. भाषण संपलं, याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. आणि दोनच वर्षांत खुद्द मुकादमांच्या लेकीने हा पराभव वाटभर पसरून मागितला.

"बाबा, लग्नाची थीम ठरली. जुन्या काळची पानगळ!"

"म्हणजे नेमकं काय गळणार?"

"पानं हो! लग्न तुमच्याच बागेत. तिथल्या लांब वाटेवर सोनेरी पानांचा जाड थर, आणि त्यावरून मी चालत येणार. बाकी काही नाही झालं तरी चालेल, पण तो थर पाहिजे."

सोबत सजावटवाली बाई आली होती. तिच्या यादीत न वाजणारा ग्रामोफोन होता, रिकाम्या चामडी बॅगा होत्या आणि चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारे केलेले नवे कोरे कंदील होते. मुकादमांच्या बायकोने हौसेने माळ्यावरची स्वतःच्या लग्नातली ट्रंक काढून पुढे ठेवली. बाईने नाकाला रुमाल लावून ती दोन बोटांनी मागे सारली.

"ही फारच खरी जुनी आहे हो, काकू."

काकूंनी तो राग नवऱ्यावर काढला. "अहो, ऐकताय ना? पोरीने जन्मात तुमच्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही."

हे धादांत खोटं होतं, पण लेकीचे डोळे पाण्याने भरले होते, त्यामुळे मुकादमांनी मान डोलावली.

अडचण अशी की झाडं पानं गाळत होती धो धो, पण सकाळी सातनंतर बागेत औषधालाही पान सापडत नसे. कारण, सातच्या आत पान उचललं नाही तर मेमो, असं परिपत्रक मुकादमांनीच काढलेलं. ते अजून कचेरीच्या भिंतीवर चौकटीत लटकत होतं, आणि त्याखालच्या मुकादमाच्या खुर्चीत आता अकऱ्या बसत होता.

हे नावही मुकादमांचीच देणगी. वीस वर्षांपूर्वी, तो साधा झाडूवाला असताना, त्याच्या हद्दीतल्या बाकाखाली अकरा पानं सापडली. मुकादमांनी ती मोजली, मेमोला टाचली आणि त्याला तीन दिवस घरी बसवलं. तेव्हापासून त्याची बायकोसुद्धा त्याला अकऱ्या म्हणे.

"या या, साहेब!" अकऱ्या खुर्चीतून न उठता म्हणाला. "पाय पुसलेत ना?"

"पुसले. हे बघ, शनिवारी पोरीचं लग्न आहे. तेवढे चार दिवस लांब वाट झाडू नकोस."

अकऱ्याने कानात करंगळी घालून फिरवली. "काय नको करू?"

"झाडू नकोस."

"अरे, या रे सगळे इकडे! साहेब काय म्हणतायत ते ऐका."

जमलेल्या मंडळींसाठी मुकादमांना ते आणखी तीनदा म्हणावं लागलं.

"नाही झाडत," अकऱ्या म्हणाला. "पण आधी माझा मेमो मागे घ्या. लेखी."

"तू चुकला होतास!"

"मग मी झाडतो."

उभ्या नोकरीत मुकादमांनी एकही मेमो मागे घेतला नव्हता. ते दारापर्यंत गेले. तिथे त्यांना लेकीचे डोळे आठवले. ते परत आले, पेन काढलं आणि लिहिलं, 'सदर अकरा पाने तेथे शोभून दिसत होती.'

अकऱ्याने कागद उजेडात धरून वाचला. "शोभूनच्या आधी 'फारच' घाला."

मुकादमांनी 'फारच' घातलं.

शनिवारी लांब वाटेवर घोटाभर सोनं साचलं होतं. अकऱ्या शब्दाला जागला होता; वर अख्ख्या बागेतली पानं आणून त्याने वाटेवर ओतली होती. "किती नैसर्गिक!" असं म्हणत सजावटवाली बाई ती एकेक करून सरळ लावत होती. मुकादमांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते, नाहीतर ते आपोआप खाली गेले असते. अकऱ्या इस्त्रीचा शर्ट घालून कडेला उभा होता. खिशातून घडीच्या कागदाचं टोक डोकावत होतं.

लेक आली. बाबांचा हात धरून सात-आठ पावलं चालली, फोटोवाल्याकडे बघून गोड हसली आणि थांबली.

"बाबा," ती हसू न मोडता पुटपुटली, "सँडलमध्ये काड्या टोचतायत. पायावरून काहीतरी चालतंय पण. हे जरा काढायला सांगा ना कुणाला तरी."

"किती?"

"सगळंच हो! फोटो निघाला ना."

मुकादमांनी तिचा हात तिच्या आईच्या हातात दिला आणि पाहुण्यांमधून वाट काढत ते अकऱ्यापाशी गेले. तिथे त्यांनी कोट सारखा केला, घसा खाकरला.

"अकऱ्या," ते म्हणाले, "एखादा झाडू असेल का रे तुझ्याकडे?"